‘कोणतं पान?’ : वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहू पाहणाऱ्या एका वाचकाला उत्तर

शिरपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते बँकेत नोकरी करतात, रात्री जेवणं उरकली की वाचतात. वर्षाकाठी पुस्तकं बरीच होतात, पण कुणी विचारलं तर ‘मस्त आहे, वाच’ यापुढे गाडी जात नाही. हल्ली वाचलेल्या पुस्तकांबद्दल स्वतःचं असं काही लिहावं म्हणून वही केली, तर पानंच्या पानं कथानकाच्या सारांशाने भरली. आपल्या खानदेशातल्या लेखकांबद्दल लिहिताना हात आखडतो असंही ते म्हणतात. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी दोनदा अर्ध्यावर सोडली, हे लिहायचं कसं? टिपणं कशी काढावीत, किती लिहावं आणि अहिराणीत लिहिलं तर चालेल का, असे बाकीचे प्रश्न.

दादा, मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलामागे बसून माणसं वाचतात कशी आणि वाचून झाल्यावर बोलतात काय, हे ऐकण्यातच सगळी नोकरी सरली. महिन्यातून एकदा आमच्याकडे वाचकांची बैठक व्हायची, अजूनही होते, आणि अजूनही मी तिथे जाऊन लुडबुड करते. त्या अनुभवावरून सांगते.

तुम्हाला वाटतंय की तुम्हाला लिहिता येत नाही. तुमचा प्रश्न चांगला सहा-सात ओळींचा, स्वच्छ आणि मुद्देसूद होता, तेव्हा ती शंका काढून टाका. सारांश होतो याचं कारण वेगळं आहे. पुस्तक संपवून तुम्ही वही उघडता तेव्हा तुमच्या हाताशी फक्त गोष्ट उरलेली असते. वाचता वाचता कुठे हसलात, कुठे दोन पानं उगाच उलटलीत, कुठे मागे जाऊन एक परिच्छेद पुन्हा वाचलात, हे सगळं तोवर उडून गेलेलं असतं. गोष्ट तेवढी शिल्लक राहते, कारण ती पुस्तकातच आहे आणि मलपृष्ठावरही छापलेली आहे. ती तुम्ही पुन्हा कशाला लिहायची?

आता काही गोष्टी ज्याच्या-त्याच्यावर अवलंबून असतात, त्या आधी सांगून टाकते. परीक्षेसाठी वाचत असाल तर सारांशच काढा, माझं पुढचं काही ऐकू नका. फक्त स्वतःला आठवावं म्हणून लिहीत असाल तर चार तुटक ओळीही पुरतात. पण चार लोकांनी वाचावं असं लिहायचं असेल तर कष्ट आहेत. दुसरं असं की कविता, कादंबरी, आत्मकथन आणि माहितीपर पुस्तक या सगळ्यांना एकच पद्धत लागू पडत नाही. आणि वाचायला वेळ कधी मिळतो त्यावरही बरंच असतं. रोज रात्री दहा-दहा पानं वाचणाऱ्याला कादंबरीतली माणसं आठवत नाहीत, तो दोष कादंबरीचा नसतो.

आमच्या बैठकीत एकच नियम आहे. पुस्तकाबद्दल काहीही बोला, पण मी विचारलं ‘कोणतं पान?’ तर पान दाखवता आलं पाहिजे. सुरुवातीला लोक चिडायचे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक आमच्याकडे नेमाने यायचे. अंगात इस्त्रीचा सदरा, डोळ्यांना भिंग बांधल्यासारखा जाड चष्मा. एका आत्मकथनाबद्दल ते म्हणाले, “पुस्तक चांगलं शे, पन वाचता वाचता माले मना बापनी याद उनी.” सगळ्यांनी माना हलवल्या. बापाची आठवण आली म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी विचारलं, आप्पा, कोणतं पान? ते जरा रागावलेच. पण पुढच्या बैठकीला पानात एस.टी.चं जुनं तिकीट घालून पुस्तक घेऊन आले.

त्या पानावर बापाच्या मायेचं एक अक्षर नव्हतं. मुलगा शिकायला निघालाय, बाप कनवटीचे पैसे काढतो, पाठ फिरवून मोजतो, देतो आणि रिकामी कनवटी पुन्हा नीट खोचून घेतो. एवढंच. आप्पांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, लेखकाने बापाचा चेहरा दाखवलाच नाही, म्हणून मी माझ्या बापाचा चेहरा तिथे बसवला. बघा, मघाचं वाक्य आणि हे वाक्य. पहिलं आप्पांच्या वडिलांबद्दल होतं. दुसरं त्यांच्या वडिलांबद्दलही आहे आणि पुस्तकाबद्दलही. ते पुस्तक मी आधी वाचलेलं होतं, तरी ती पाठ फिरवणं माझ्या नजरेतून सुटलं होतं.

तुम्ही ‘स्वतःचं असं काहीतरी’ म्हणता ना, ते इथे सापडतं. तुम्ही अडलात ती जागा तुमची स्वतःची असते. का अडलात याचं उत्तर मात्र त्या पानावरच शोधायचं: कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, काय सांगायचं टाळलंय, कोणती गोष्ट मुद्दाम उशिरा आणलीय. नुसती पहिली बाजू लिहिली तर आपल्या आठवणींची वही होते. नुसती दुसरी लिहिली तर प्राध्यापकांचा लेख होतो. दोन्ही हवं.

एक छोटं उदाहरण घेऊ. गेल्या पावसाळ्यात मी बालकवी पुन्हा काढले. आपल्या धरणगावचे. त्यांच्याबद्दल कुणी लिहायला बसलं की निम्मा मजकूर भादली स्टेशनजवळच्या रेल्वे अपघाताचा असतो. १९१८ साली, ते सत्तावीस वर्षांचे असताना. उरलेला निम्मा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाचा, जिथे त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहायला सोप्या आहेत. कविता कुठे गेली? म्हणून मी स्वतःला सांगितलं की चरित्राचं एक वाक्य लिहायचं नाही, फक्त ‘औदुंबर’ घ्यायची. आठ ओळींची कविता, शाळेत पाठ केलेली. आठ ओळी म्हणजे लपायला जागाच नाही.

मी अडले ती रंगांपाशी. सुरुवातीला दोन्ही काठांवर हिरवाळी आहे, मग निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून गेलेली पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते काळ्या डोहाकडे. शाळेत हे सगळं ‘निसर्गवर्णन’ या एका शब्दात संपवलेलं होतं. नीट पाहिलं तर कविता उजेडाकडून अंधाराकडे चालत जाते, आणि आपण त्या पांढऱ्या वाटेने तिच्या मागोमाग जात राहतो. आणखी एक. शीर्षकात झाडाचं नाव आधीच सांगितलेलं आहे, पण कवितेत ते झाड येतं ते थेट शेवटच्या ओळीत, आणि त्याचं नाव हा कवितेचा शेवटचा शब्द आहे. आठव्या ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत आपण ज्याची वाट बघतोय ते दिसत नाही. दिसतं तेव्हा ते पाण्यात पाय सोडून निवांत बसलेलं असतं. मला ही कविता लहानपणी गोड वाटायची, या वेळी तिची थोडी भीती वाटली. का वाटली ते मी वर सांगितलं, ओळी दाखवून सांगितलं. हे टिपण वहीच्या पाऊण पानात मावलं. तुम्हाला उलटंच वाटेल, तुम्हाला त्या झाडाचा निवांतपणा दिसेल. दिसू द्या. पण ओळ दाखवा.

आता वहीचं सांगते, कारण सगळं इथेच बिघडतं.

वाचताना वही जवळ ठेवू नका. वही समोर आली की माणूस शहाण्यासारखं लिहू लागतो. पुस्तकात एक कागदाची पट्टी ठेवा, आणि जिथे काही झालं तिथे पान नंबर आणि तीन-चार शब्द, बस्स. ‘४३, इथे खोटं वाटतं.’ ‘११०, आजी.’ ‘१५२ ते १७०, झोप.’ झोप आली हेही लिहा, ते सगळ्यात प्रामाणिक टिपण असतं. आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यात पेन्सिलीनेसुद्धा खूण करू नका. ही ग्रंथपालाची खोड समजा, पण तुमच्या अधोरेखितावरून पुढचा वाचक तिथेच अडणार, त्याची स्वतःची जागा तुम्ही हिरावून घेता. खूण म्हणून पान दुमडणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. आणि केळीचे वेफर खात वाचणाऱ्यांनी तेलाच्या ज्या खुणा ठेवल्यात, त्यांवरून मी यावल-रावेरच्या वाचकांना बिनचूक ओळखायचे.

पुस्तक संपलं की लगेच लिहू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग पुस्तक आणि पट्टी दोन्ही बाजूला ठेवून, आठवतं तेवढं लिहा. एक पान, हाताने. त्यानंतर पट्टी काढा आणि पुस्तक उघडून ताडून पाहा. या ताडून पाहण्यात खरी गंमत आहे. ज्या प्रसंगाबद्दल तुम्ही दहा ओळी लिहिल्यात तो पुस्तकात तीन ओळींचा निघतो. जे वाक्य तुम्ही अवतरणचिन्हांत घातलंत ते तसं नसतंच, लेखकाने साधं लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्याला दागिने चढवलेले असतात. असं झालं तर खोडू नका. ‘मला हा प्रसंग मोठा आठवत होता, पुस्तकात तो तीन ओळींत उरकलाय’ हे लिहा, आणि तीन ओळींनी एवढी जागा कशी व्यापली त्याचा शोध घ्या. तुमचा अर्धा लेख तिथेच तयार होतो.

वाचनालयाचं पुस्तक ताडून पाहण्याआधी परत करायची वेळ येते, ही खरी अडचण आहे. मुदत वाढवून मागा. ग्रंथपाल देतात. न दिली तर निदान अडलेल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वहीत प्रत्येक पुस्तकामागे आवृत्तीचं साल लिहायला विसरू नका. आणि कुठे, कधी वाचलंत तेही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी कूलरचा आवाज ऐकत वाचलेली कादंबरी आणि दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर वाचलेली कादंबरी, माणूस एकाच न्यायाने तोलत नाही. निदान स्वतःला तरी ते ठाऊक असावं. दिवाळी अंकांचं तर बोलायलाच नको. आमच्या वाचनालयात अंकांची योजना असायची, वर्गणी भरली की बदलून बदलून सगळे अंक वाचायला मिळायचे. काही लोक सगळेच्या सगळे अंक संपवायचे आणि नंतर कोणती कथा कोणत्या अंकात होती हे भांडून ठरवायचे. अंक वाचताना एका अंकामागे एकच कथा किंवा लेख निवडा, त्यावरच लिहा.

माहितीपर पुस्तकांना माझी पद्धत थोडी वेगळी. तिथे ‘मी कुठे अडले’ यापेक्षा ‘हे कशावरून?’ हा प्रश्न कामाचा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या खंडांपैकी एखादा नुसता चाळलात तरी पुरे. जुनं पत्र जसंच्या तसं छापायचं आणि मग त्यावर बोलायचं, ही शिस्त दिसते. त्यानंतर एखादी ऐतिहासिक कादंबरी हातात घ्या, कादंबरीकाराने कुठे कागद वापरलाय आणि कुठे रंग भरलाय याचा वास येऊ लागतो. रंग भरणं गुन्हा नाही. पण टिपणात ‘या पुस्तकामुळे खरा इतिहास कळला’ असं लिहिण्याआधी थांबावंसं वाटेल. शेतीच्या किंवा आरोग्याच्या पुस्तकाबद्दल लिहिताना ते आपल्या काळ्या जमिनीला, आपल्या पाण्याला, आपल्या खाण्याला किती लागू आहे ते बघा. बाकी त्यात फार काही करायचं नसतं.

दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण ‘हल्ली काय वाचलं’ या प्रश्नाचं माझं सगळ्यात चांगलं उत्तर तिथून आलं.

‘गीताप्रवचने’ आपल्याकडे घरोघरी असतं. देवघराजवळच्या फळीवर, बऱ्याचदा न उघडलेलं. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय असं करत गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली. मी ते हल्लीच पुन्हा वाचलं, भक्तिभावाने नाही, सरळ एक पुस्तक म्हणून. आणि अडले ती तत्त्वज्ञानावर नाही, वाक्यांवर. वाक्यं लहान, एकामागून एक येणारी, मधेच समोरच्याला प्रश्न, मधेच घरगुती दाखला. कुणीतरी समोर बसलंय आणि त्याची मान हललेली दिसल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही, असा तो ओघ.

त्यानंतर लगेच ‘श्यामची आई’ हातात घेतलं. तेही तुरुंगातलं, १९३३ चं, नाशिकचं. गोष्ट सगळी कोकणातली. प्रकरणांना मात्र गुरुजींनी ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं दिलीत, कारण श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री थोडं थोडं सांगतोय. माझ्या पट्टीवर मी लिहिलं होतं: ‘तिकडे रविवार, इकडे रात्री.’ एका वर्षाच्या अंतराने, तोच लिहिणारा हात, दोन्ही पुस्तकं बैठकी-बैठकींनी सांगितलेली, दोन्हींत ऐकणारे समोर बसलेले. त्याआधी हाच माणूस अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत होता, म्हणजे समोरचा ओळखीचा ऐकणारा धरून लिहिण्याची सवय जुनीच. मला असं वाटतं की धुळ्यात रविवारचे रविवार दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवताना गुरुजींचा हात आणखी बोलका झाला असणार. हे माझं वाटणं आहे, पुरावा नाही, आणि वहीत मी ते तसंच लिहिलंय. पण हे वाटलं म्हणून ‘श्यामची आई’ मी रडण्याचं पुस्तक म्हणून वाचायची थांबले. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला ऐकायला कोण आलंय, कुणाला उशीर झालाय, इकडे लक्ष देऊ लागले. या पुस्तकाबद्दल ‘डोळे पाणावले’ सोडून दुसरं एक वाक्य मला लिहिता आलं, ते या शेजारी ठेवण्यामुळे.

तुम्हीही हे करू शकता. नव्याने वाचलेल्या पुस्तकाला जुनं, ओळखीचं एखादं जोडीदार द्या. एकाच विषयाची दोन पुस्तकं हवीत असं नाही. एकाच काळातली, एकाच गावातली, एकाच पद्धतीने सांगितलेली अशी काहीही.

इथपर्यंतचं थोडक्यात: पट्टीवर पान नंबर, दोन-तीन दिवसांचा खंड, पुस्तक मिटून एक पान, मग ताडून पाहणं, आणि जमलं तर एक जोडीदार पुस्तक. आता तुमच्या हात आखडण्याकडे येऊ.

‘कोसला’ तुम्ही दोनदा सोडलीत यात संकोच वाटायला नको. १९६३ साली आली तेव्हाही ती पुष्कळांना झेपली नव्हती. आपल्याकडच्या माणसाला एक जास्तीची अडचण असते: सांगवी आपली, कादंबरीचा नायक पांडुरंग आपला, नेमाडे आपले, ज्ञानपीठ मिळालेले, मग आवडली नाही म्हणायचं कसं? म्हणू नका. ‘आवडली नाही’ हे वाक्य तसंही निरुपयोगी आहे, ‘फार आवडली’ इतकंच. तुम्ही कितव्या पानावर सोडलीत ते लिहा. माझा अंदाज असा की पुण्यातल्या होस्टेलच्या भागात सोडली असणार, कारण आमच्याकडून ती तिथूनच परत यायची. तिथे मेस, परीक्षा, मित्र, फिरणं, सगळं एकाच पातळीवर चाललेलं असतं. कुठे चढण नाही, कुठे उतार नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येतो.

पण आता विचार करा, कंटाळा कुणाचा? तो पांडुरंगालाही आलेला आहे. खेड्यातून शिकायला गेलेल्या पोराचे दिवस तिथे असेच वाया जातात, आणि लेखक ते वाया जाणं तुमच्याकडूनही वसूल करतो. हे पटलं तर पुढे वाचा. नाही पटलं तर लिहा की पांडुरंगाचा कंटाळा दाखवायला माझीही एवढी पानं खर्ची घालायची गरज नव्हती. हा मुद्दा झाला. याच्याशी कुणीतरी भांडू शकतं, आणि ज्याच्याशी भांडता येतं तेच लिहिण्यासारखं असतं. माझं स्वतःचं म्हणाल तर धाकटी बहीण जाते तो भाग मी दरवेळी थांबून वाचते. तोवर जगातल्या यच्चयावत गोष्टींची टर उडवणाऱ्या पांडुरंगाला तिथे टर उडवता येत नाही. होस्टेलचा तो सपाट भाग मधे नसता तर हे इतकं लागलं नसतं, असं माझं मत. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत, तेव्हा ते मत तुमच्यावर लादत नाही. ती पानं तेवढी सुटी काढून वाचलीत तरी माझी हरकत नाही. कादंबरी पहिल्या पानापासूनच वाचली पाहिजे असा वाचनालयाचा काही नियम नाही.

यापेक्षा अवघड प्रकरण म्हणजे आपल्या तालुक्यातले नवे लेखक. शाळेत शिकवणारे, पदरमोड करून कवितासंग्रह काढणारे, ‘सप्रेम भेट’ लिहून प्रत हातात देणारे. पुढच्या सोमवारी तेच भाजीबाजारात भेटणार आणि पहिला प्रश्न, वाचलं का? इथे लोक ‘चांगला प्रयत्न’ असं लिहून मोकळे होतात. कवीला याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नसतं, हे मी कवींच्याच तोंडून ऐकलंय. त्यापेक्षा संग्रहातली एकच कविता निवडा, जी खरंच थांबवते ती, आणि तिच्यावर मनापासून लिहा. बाकीच्यांबद्दल गप्प राहणं हेही मत असतं, आणि कवीला ते बरोब्बर कळतं. एकही कविता थांबवत नसेल तर लिहू नका, भेटल्यावर चहा पाजा. आणि मुखपृष्ठ, छपाई, कागद यांचं कौतुक करू नका. त्यावरून तर लगेच ओळखलं जातं की आत काही वाचलेलं नाही.

आपल्याकडचा वाचक असण्याचा फायदाही सांगते, नाहीतर नुसत्या अडचणीच होतील. बहिणाबाईंची गाणी पुण्या-मुंबईचा वाचक अर्थासाठी वाचतो, जीवनाचं सार वगैरे शोधतो, आणि त्याला ते मिळतंही. तुमच्या घरात कुणी पेरणी केलेली असेल, खळ्यावर उफणणी पाहिली असेल, तर तुम्ही ती कामाच्या लयीसाठी वाचू शकता. त्या स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या. काम करता करता म्हणायच्या आणि सोपानदेव वगैरे घरच्यांनी उतरून घेतलं, पुस्तक त्या गेल्यानंतर १९५२ साली आलं. म्हणजे छापील ओळ ही मागाहूनची, आधी जातं आणि मग कागद. आमच्या बैठकीत शेतात राबलेल्या एका आजींना मी जात्यावरचं गाणं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ताई, तू चुकीच्या जागी थांबतेस, इथे हात खुंट्यावर पुढे गेलेला असतो, इथे श्वास घेता येत नाही. त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं तेव्हा यती, म्हणजे ओळीतली थांबायची जागा, वेगळीकडेच पडली आणि गाणं दीडपट वेगाने गेलं. हे निरीक्षण कुठल्याही समीक्षकाच्या हाती लागायचं नाही. तुमच्या आईला, आत्याला वाचून दाखवा आणि त्या कुठे अडवतात ते लिहा.

फक्त बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे असं लिहू नका. ही चूक वर्तमानपत्रांतही सर्रास होते. आसोदा-जळगाव पट्ट्यातली लेवा बोली आहे ती. तुम्ही शिरपूरकडचे, तुमच्या कानाला फरक लगेच कळेल.

त्यावरून अहिराणीत लिहावं का, या प्रश्नाचं उत्तर. लिहा, पण सगळं नाही. मी पाहिलंय की अहिराणी बोलणारा माणूस प्रमाण मराठीत लिहायला बसला की त्याच्या लिखाणात ‘संवेदनशील’, ‘वास्तववादी’, ‘हृदयस्पर्शी’ असले शब्द आपोआप येऊन बसतात. तोच माणूस घरी बायकोला पुस्तकाबद्दल सांगतो तेव्हा यातला एकही शब्द वापरत नाही आणि दसपट चांगलं सांगतो. तेव्हा पुस्तक मिटून लिहायचं ते पहिलं पान अहिराणीत लिहून बघा. मनात जे जसं येतं तसं. ताडून पाहिल्यानंतरचं दुसरं पान, जे लोकांनी वाचायचंय, ते वाचणारे कोण त्यावरून ठरवा. धुळे-नंदुरबारचे वाचक असतील तर अहिराणीतच ठेवा, कुणाचं काही अडत नाही. नागपूर-कोल्हापूरकडचेही वाचणार असतील तर मराठीत आणा, पण पहिल्या पानातलं एखादं वाक्य जसंच्या तसं राहू द्या. आप्पांचं ते बापाच्या आठवणीचं वाक्य मी मराठीत आणून इथे लिहिलं असतं तर तुम्ही वाचून पुढे गेला असता.

किती लिहावं हा प्रश्न राहिला. छापील दीड पान पुष्कळ झालं. त्यापुढे गेलात तर एकदा तपासून बघा, बहुतेक मधे कुठेतरी पुन्हा गोष्ट सांगायला लागलेले असाल.